अकरा ठोक्यांची ओळ

१४ जुलै, मंगळवार

टण, टण, टण. इनॅमलच्या पांढऱ्या तसराळ्यावर लोखंडी चमचा. आज सकाळी तेरेरेच्या, आमच्या गार चहाच्या, पाण्यात घालायचा पाला खलात कुटत होतो, आणि बत्त्याच्या आवाजाआडून तो जुना आवाज आला. माझा हात थांबला, तरी तो आवाज थांबेना.

माझी सिंफोरियाना सुईण होती. करांदायती आणि आसपासच्या सहा वाड्यांत चौतीस वर्षं तिच्या हातून मुलं जन्मली. तिला बैलगाडीतून न्यायला-आणायला मीच असायचो. मूल बाहेर आलं आणि रडलं नाही, की ती एका हाताने त्याची पाठ चोळायची, दुसऱ्या हाताने त्याच्या कानाशी तसराळं वाजवायची. रडेपर्यंत. मी अंगणात पुरुषांबरोबर बसलेला. जन्मभर पोरांना कविता शिकवल्या, त्यामुळे ठेका कानावर पडला की माझी बोटं आपोआप मोजू लागतात. अकरा ठोके, मग श्वासभर थांबणं, ती माझी एक ओळ. बहुतेक मुलं पहिल्या ओळीच्या आतच रडत. काही दोन ओळींची. ओब्दुलियाचा थोरला नऊ ओळींचा होता, दहावी सुरू होता होता रडला. काय क्षण असायचा तो. सगळं अंगण एकदम श्वास सोडायचं.

दहाच्या सुमाराला फाटकाशी पाहुण्याच्या टाळ्या वाजल्या. राजधानीतून आलेली ती डॉक्टरीणबाई, नोएलिया. तीन हिवाळे झाले, तालुक्यातल्या स्वमग्न मुलांच्या घरोघर हिंडते आहे, हे मी ऐकून होतो. बूट लाल मातीने गुडघ्यापर्यंत माखलेले.

"मास्तर, तुमच्या पत्नीच्या नोंदवह्या तुमच्याकडे आहेत म्हणे."

"नोंदी तिच्या, अक्षर माझं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती गुआरानीत सांगायची, मी स्पॅनिशमध्ये उतरवायचो. नऊ वह्या आहेत. या तालुक्यात असं दप्तर दुसरं मिळायचं नाही तुम्हाला."

"म्हणूनच आले. गरोदरपणात, बाळंतपणात काय काय झालं आणि मूल पुढे कसं वाढलं, यांत काही धागा आहे का, ते बघते आहे. आयांनी तोंडी सांगितलंय. कागद हवा होता."

वह्या मी जुन्या टेबलक्लॉथमध्ये बांधून ठेवल्या आहेत. गाठ सोडली. कुणीतरी विचारलं, एकदाचं.

१६ जुलै, गुरुवार

बाई दोन दिवस माझ्या ओसरीवर बसून वाचते आहे. अक्षराचं कौतुक केलं. दुपारी एवढंच विचारलं, "मास्तर, सगळीच बाळंतपणं सुखरूप?"

म्हटलं, "हात कुणाचा होता?"

तिने गार पाण्याचा घोट घेतला आणि पान उलटलं.

१९ जुलै, रविवार

आज तळपायाची आग मस्तकात गेली आहे. नीट अक्षर काढायचं म्हणून काढतो आहे.

मिस्सा आटोपून चर्चबाहेर आलो. ओब्दुलिया टोपली घेऊन चीजच्या भाजक्या चिपा विकायला बसलेली. शेजारी तिचा थोरला, चिकितो. सतरा वर्षांचा झाला, एक शब्द बोलत नाही. टोपलीतल्या कडबोळ्यांसारख्या चिपा एकीला एक चिकटवून ओळीने लावत होता. मी दोन मागितल्या.

"तुम्हाला कशाला चिपा, मास्तर? तुमच्या वहीत जन्माची गोडी भरलीय."

"काय झालं?"

"डॉक्टरीणबाई परवा दुसऱ्यांदा आली. तेच प्रश्न. पाय सुजले होते का, डोळ्यांपुढे काजवे चमकले का, मूल लगेच रडलं का. मी म्हटलं, बाई, एकदा सांगितलं ना. तर म्हणे, पुन्हा आठवून बघा. म्हणजे कुणीतरी सांगितलंय ना तिला, ओब्दुलिया खोटं बोलते म्हणून? कोण सांगणार? जिवंत माणूस तर नाही. मग कागद. आणि कागद कुणाचा?"

"माणसाला तरुणपणच्या वेदना वाढवून आठवतात, ओब्दुलिया."

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. ओब्दुलियाने चिपा परत टोपलीत टाकल्या, फडकं ओढून घेतलं.

"वाढवून. बरं. मग असं करते, वेदना वाढवून आठवतात, तर याला कमी करून आठवते," असं म्हणून तिने चिकितोच्या डोक्यावर हात ठेवला. "सासू म्हणायची, ग्रहण बघितलंस तू पोटुशी असताना. नवरा म्हणायचा, तुझ्याच घराण्यात वेडं असेल. तुम्ही आता म्हणता, काही झालंच नव्हतं. तुम्ही तिघं एकत्र बसून ठरवा आणि मला कळवा."

लोकांसमोर. एका चिपावालीने. आणि कशापायी? सिंफोचं नाव खराब करायला निघाल्यात सगळ्या. मेलेल्या बाईवर ढकललं की आपण मोकळ्या. माझी मिर्तासुद्धा त्यांतलीच. माझी स्वतःची मुलगी दोन मैलांवर राहते आणि पाच वर्षं माझ्या दारात आलेली नाही, आईच्या मातीला आली ती मला टाळून बसली. तिला वाटतं, तिच्या बाळंतपणाच्या दिवशी मी मुद्दाम वेळेवर आलो नाही. गावातली एकुलती पिकअप, रुफिनो दुकानदाराची, मी पोरांना घेऊन काव्यपठणाच्या स्पर्धेला जिल्ह्याला नेली होती. सिंफोने रेडिओवर निरोप लावला. निरोप मला पोचला नाही, सभागृहात गोंगाट होता, हे तिला शंभरदा सांगितलं.

२३ जुलै, गुरुवार

डॉक्टरीणबाई वह्या परत द्यायला आली. बसली नाही.

"मास्तर, स्पष्ट बोलू?"

"मी शाळामास्तर आहे. स्पष्टच बोलावं."

"तालुक्यातली एकोणचाळीस स्वमग्न मुलं आहेत. त्यांतली चौदा तुमच्या पत्नीच्या हातची. ज्यांची मुलं बोलतात-खेळतात अशाही आयांना मी तेच प्रश्न विचारलेत, म्हणजे तुलना करता येते. या चौदांपैकी नऊ बायका सांगतात: अंगावर सूज, आकडी, रक्तस्राव, नाहीतर मूल बराच वेळ रडलं नाही. तुमच्या वहीत चौदाच्या चौदा सुखरूप. नऊ वह्यांत मिळून सहाशेवर जन्म, आणि एकही सूज नाही, एकही आकडी नाही. असं कुठल्या देशात होत नाही. वाईट तेवढं त्या विसरत होत्या का?"

"ती काही विसरत नसे."

"मग?"

मी टेबलक्लॉथ ओढून वह्या त्यात बांधायला लागलो.

"ऐका. आकडी आली म्हणून मूल असं झालं, हे मी म्हणत नाही. एका मुलाबद्दल ते कुणालाच सांगता येणार नाही. शेकडो घरं बघायची आणि धागा दिसतो का ते पाहायचं, एवढंच माझं काम. पण राजधानीतली समिती म्हणते, आयांची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, कागद असेल तर कागद धरा. मी हौसेने कळवलं होतं, कागद सापडला म्हणून. आता तो कागद या नऊ बायकांना खोटं ठरवतोय. आणि माझ्या अर्जात त्यांच्याच शब्दांवर दोन गोष्टी मागितल्यात: वाड्यांवर गरोदर बायकांचा रक्तदाब मोजणारी नर्स आणि रुग्णवाहिका, आणि या मुलांना शिकवणारी एक बाई. कागद खरा असेल, तर इथे कधी काही बिघडलंच नाही. मग नर्स कशाला?"

"म्हणजे माझी बायको खोटारडी."

"तुमच्या पत्नीला मी खोटारडी म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "मी एवढंच विचारते. वही खरी की या बायका खऱ्या?"

मी तिला फाटक दाखवलं. शब्द सभ्य होते, आवाज नव्हता. कालची पोर. कागदावरची भाषा काय असते हे यांना काय माहीत? आजकाल शब्दाची चाड कुणालाच उरलेली नाही. शिकलेले असोत की रेडिओवाले असोत, सारखेच. त्या निवेदकाला भर दुपारी 'सिंफोरियाना' हे नाव धड म्हणता आलं नव्हतं, 'सिफोनियाना ओव्हेलार कळवतात' म्हणाला होता. अशा लोकांनी माझ्या वह्या तपासायच्या.

२४ जुलै, शुक्रवार

दक्षिणेचा वारा. बोटं गारठली. कुणाशी बोललो नाही, कुणी बोलायला आलंही नाही.

२७ जुलै, सोमवार

मिर्ताकडे गेलो होतो. तिनेच काहीतरी भरवलं असणार डॉक्टरीणबाईच्या कानात, या रागाने दोन मैल चालत गेलो. वाटेत माझी शाळा लागली. पहिलीची पोरं नदीची कविता म्हणत होती, ठेका चुकवत. उभा राहिलो क्षणभर. त्या खोलीत मी किती सुखी होतो.

मिर्ताने दार उघडलं नाही. खिडकीतूनच बोलली. अंगणात माझी नात सेलेस्ते उकिडवी बसलेली, अकरा वर्षांची, वेणी अर्धी सुटलेली, पालथ्या पातेल्यावर काटकीने ठोकत होती. माझ्याकडे पाहिलं नाही. ती कुणाकडेच पाहत नाही.

"काय काम आहे, मास्तर?" बाबा म्हणायचं तिने कधीच सोडलंय.

"तू डॉक्टरीणबाईला काय सांगितलंस?"

"घडलं ते. दोनदा आकडी आली. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्त होतं. हे बघा." तिने जीभ बाहेर काढली. कडेला पांढरा वण, अर्ध्या बोटाएवढा. "आणि आई माझ्याकडे बघत नव्हती, ती तसराळं वाजवत होती. त्या बाईने मला परवा काही सांगितलं नाही, पण तिचं तोंड बघून कळलं. वहीत काय लिहिलंय तुम्ही माझ्याबद्दल?"

मला पाठ होतं ते. मी म्हणालो, "चौदा मे. कन्यारत्न. माता व बालक सुखरूप."

ती हसली. तसं हसणं मी आधी ऐकलेलं नाही.

"किती छान. ही सहा वर्षांची झाली, तेव्हा तुमच्या शाळेत घातली. तीन आठवड्यांनी तुम्ही हजेरीपटावर काय लिहिलंत, आठवतं? मी तोंडपाठ म्हणून दाखवते, तुमचीच विद्यार्थिनी आहे. 'घरच्या मायेत अधिक खुलेल.' हाकलून दिली म्हणून लिहायचं ना, सरळ. तेही सुंदर करून लिहिलंत. गावाला वाटलं, केवढं मन आजोबांचं. आणि मी पाच वर्षं हिला घेऊन या अंगणात खुलतेय."

"ती इतर मुलांना त्रास—"

"ती बाकावर ठोकत होती. एवढंच करत होती. ठोकत होती."

खिडकी लागली. मी तिथेच उभा. सेलेस्तेची काटकी चालू. माझी बोटं मोजायला लागली, म्हाताऱ्या बोटांना लाज नसते. अकरा, आणि ती थांबायची. श्वासभर. पुन्हा अकरा, पुन्हा थांबायची. मी चार वेळा मोजलं. असं कुणी शिकवलं तिला?

परत येताना शाळेवरून आलो नाही, लांबच्या वाटेने आलो.

२९ जुलै, बुधवार

वर तेवीस तारखेला मी काय लिहून बसलोय ते आज वाचलं. निवेदकाने नाव चुकीचं म्हटलं होतं, हे मला कसं ठाऊक? निरोप मला पोचला नव्हता ना?

पेन खाली ठेवलं होतं. आता उचललंय.

पहिल्यांदा मी वहीत खोटं लिहिलं ते एकोणतीस वर्षांपूर्वी, वही ठेवायला लागलो त्याच वर्षी. आरोग्य खात्याचा निरीक्षक घोड्यावरून आला होता. सुईणींना सांगून गेला: सूज किंवा आकडी असलेली बाई दवाखान्यात न पाठवता घरी सोडवलीत, तर ओळखपत्र काढून घेऊ. दवाखाना चाळीस मैलांवर, मधे दोन नद्या, गाडी नाही. पाठवायची कशी, हे त्याने सांगितलं नाही. पुढच्याच महिन्यात पलीकडच्या वाडीवर एका बाईला आकडी आली. सिंफो घरी येऊन बसली, पाय पाण्यात सोडले, आणि नेहमीसारखं सगळं सांगितलं. किती वेळ, किती रक्त, मूल कसल्या रंगाचं. मी लिहिलं: माता व बालक सुखरूप.

भीतीने लिहिलं, असं म्हणता येईल. पहिल्यांदा खरंच भीतीने. पण निरीक्षक पुन्हा आला तो बारा वर्षांनी, आणि मी दरवेळी तेच लिहीत राहिलो. खरं सांगायचं तर मला ते पान तसंच आवडायचं. रक्त, घाण, निळं पडलेलं मूल, हे माझ्या वळणदार अक्षरात मला बघवत नसे. सुखरूप हा शब्द कागदावर काय शोभतो.

आणि याच्याहून वाईट ते अजून लिहिलेलं नाही. सिंफो दरवेळी म्हणायची, "मास्तर, वाचून दाखव." मी वही समोर धरायचो आणि तिने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवायचो. पाठांतर माझं पक्कं. कागदावर एक ओळ, तोंडात वीस. ती मान डोलवायची. "बरं झालं लिहिलंस. माझ्यामागं कुणीतरी शिकलेलं येईल आणि बघेल, यातलं काय टाळता आलं असतं ते."

शिकलेलं माणूस आलं, सिंफो. मी त्याला फाटक दाखवलं.

१ ऑगस्ट, शनिवार

ऑगस्टची पहिली. सकाळी उपाशीपोटी कारुलिमचे तीन घोट घ्यायचे, उसाची दारू, सताप आणि लिंबू. म्हणजे हा मरतुकड्या गाईंचा महिना अंगावर येत नाही. सिंफो बाटली चार दिवस आधी भरून ठेवायची. या वर्षी ओब्दुलियाच्या धाकट्याने कुंपणावरून एक बाटली दिली, म्हणाला, "आई म्हणते, प्या आणि जगा, अजून भांडायचंय." कडू जहर. तिन्ही घोट प्यालो.

मग कोरा कागद घेतला. वही नाही, साधा कागद. वहीत सुंदर लिहायची सवय आहे माझ्या हाताला.

आठवायला बसलो तर काहीच आठवेना. बायकांचे चेहरे, तारखा, सगळं पुसट. मग बोटांनी टेबलावर ठोकायला लागलो आणि एकेक अंगण उभं राहिलं. नऊ ओळी, दहावी नुकती सुरू, ओब्दुलिया, सांजवेळ, कुंपणाला लाल कोंबडा. सात ओळी, नदीकाठचं घर. बारा ओळी, ते मूल तिसऱ्या दिवशी गेलं. माझ्या डोक्यात या ओळी आयुष्यभर कविता म्हणून पडून होत्या. एकेक ठोका म्हणजे एका मुलाच्या छातीत न गेलेला श्वास, आणि मी ठेका धरून बसलो होतो. इतका राग मला कधी कुणाचा आला नाही, निरीक्षकाचासुद्धा नाही.

एकतीस जन्म लिहिले. आकडी, सूज, रक्त, जे सिंफोने सांगितलं होतं आणि मी तिला तोंडाने परत म्हणून दाखवलं होतं, ते सगळं. तिच्याच शब्दांत, गुआरानीत. शाळेत ज्या भाषेत बोलल्याबद्दल मी पोरांना उन्हात उभं केलं, त्या भाषेत.

शेवटचा जन्म असा लिहिला: चौदा मे. मिर्ता, माझी मुलगी. दुपारी बारा वाजता जिल्ह्याच्या सभागृहाबाहेर रेडिओवर निरोप लागला: पाय आणि तोंड सुजलं आहे, गाडी घेऊन लगेच या. मी ऐकला. आमच्या शाळेचा नंबर पुढे तीन शाळांनंतर होता. मुलांनी वर्षभर तयारी केली होती. मी थांबलो. मुलं म्हणाली. बक्षीस मिळालं, ते घ्यायला आणखी थांबलो. अडीच तास. घरी पोचलो तेव्हा फाटकाशीच टण-टण ऐकू आलं. आधीचे किती ठोके झाले होते, मला माहीत नाही. मी पोचल्यावर सतरा ओळी.

५ ऑगस्ट, बुधवार

आज शाळेत वाचून दाखवलं.

डॉक्टरीणबाईला मी चिठ्ठी पाठवली होती. ती तालुक्याहून आली. तिने बायकांना बोलावलं, तिसऱ्या इयत्तेच्या खोलीत. पोरांच्या बाकांवर बायका गुडघे आखडून बसल्या होत्या. चिकितो खडू ओळीने लावत होता. मिर्ता सर्वांत मागे, उभी. सेलेस्ते तिच्या कमरेला बिलगून, कानांवर हात.

प्रत्येकीला आधी विचारलं, तिचं सर्वांसमोर वाचू का म्हणून. दोघी नको म्हणाल्या, त्यांचे कागद त्यांच्या हातात दिले. बाकीचं वाचलं. पहिल्यांदाच आयुष्यात मी कुठलीही गोष्ट चाल न लावता वाचली.

टाळी कुणी वाजवली नाही, आणि ते बरंच झालं. नदीकाठची म्हातारी मधेच म्हणाली, "सात नाही मास्तर. तुम्ही मधे चहा प्यायला गेलात. त्या वेळचे धरा." मी 'सात अधिक' असं दुरुस्त केलं.

ओब्दुलिया बाकावरून उठली ते बाकासकट. गुडघे अडकले होते. एरवी सगळ्या हसल्या असत्या.

"सतरा वर्षं," ती म्हणाली. "सतरा वर्षं मी सासूपुढे मान खाली घालून भाकऱ्या थापल्या, ग्रहण बघितलं म्हणून. आणि तुम्ही माझ्याच अंगणात बसून मोजत होतात. एकदा, एकदा जरी म्हणाला असतात त्या म्हातारीला, की अगं, नऊ ओळी मूल रडलं नव्हतं. फुकट होतं ते. तुमच्या पदरचं काय जाणार होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"माफी मागू नका हं आता. माझा राग मला हवाय. अजून पुष्कळ पुरेल तो."

मी मागितली नाही.

शेवटी मिर्ताचा कागद. मी वर पाहिलं. तिने मानेने हो म्हटलं. रेडिओच्या ओळीपर्यंत मी वाचत आलो. 'मी ऐकला' हे वाक्य वाचलं, आणि मागे दार वाजलं. पुन्हा पाहिलं तेव्हा ती जागा रिकामी होती. उरलेलं रिकाम्या जागेलाच वाचून दाखवलं.

सगळ्या गेल्यावर डॉक्टरीणबाईने कागद गोळा केले. आनंदी वगैरे अजिबात नव्हती.

"मला तुमचा किती संताप आलाय, हे सांगितलं तर तुमच्या वयाचा अपमान होईल, मास्तर."

"होऊ द्या."

"तीन वर्षं. प्रत्येक घरात मला बायका विचारतात, माझं काय चुकलं? तीन वर्षं मी सांगते, तुमचं काही चुकलं नाही, आणि माझ्याकडे दाखवायला काही नसतं. दाखवायला असलेलं तुमच्या टेबलक्लॉथमध्ये बांधलेलं होतं, आणि तेही तुम्ही नासवून ठेवलेलं." तिने कागद बाकावर आपटून सारखे केले. "हे मी पुरावा म्हणून देऊ शकत नाही. समिती विचारेल, याच माणसाचा आधीचा हात खोटा होता, तर हा कशावरून खरा? आणि ती बरोबर विचारेल. पण वह्या पुरावा नाहीत, एवढं आता म्हणू शकते. बायकांचा शब्द निदान कागदाखाली चिरडला जाणार नाही. तुम्ही न्यायाधीशासमोर सही कराल?"

केली. तालुक्याला तिच्याच गाडीतून गेलो. कारकुनाने विचारलं, "काय लिहू, आजोबा? नोंदींत अनवधानाने त्रुटी राहिल्या?"

मी म्हटलं, "लिही, जाणूनबुजून खोटं लिहिलं."

तो म्हणाला, "जरा सौम्य करू का?"

मी इतक्या जोराने नाही म्हणालो की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

नर्स मिळेल की नाही, कुणाला माहीत नाही. ऑक्टोबरात कळेल. ओब्दुलियाच्या धाकट्या बहिणीला सातवा लागलाय, तिचे पाय आज बाकाखाली मी पाहिले. सुजले आहेत. डॉक्टरीणबाईनेही पाहिले, दवाखान्यात सोडायला म्हणून तिने गाडीत तिलाच पुढे बसवलं, मला मागे. हे योग्यच झालं.

९ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस घरातच होतो. मिस्सालाही गेलो नाही. तसराळं खुंटीवरून काढून घासलं, काठाला टवका उडालेला, तिथे लोखंड काळं दिसतं. परत अडकवलं.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. या वेळेला आमच्याकडे कुत्रंसुद्धा हिंडत नाही, कुणी फाटकाशी टाळ्या वाजवत नाही. टाळ्या वाजल्या नाहीतच. फाटकाच्या पत्र्यावर काहीतरी ठोकत होतं. फांदी असेल म्हणून पडून राहिलो. पण बोटं मोजायला लागली. अकरा. मग श्वासभर काही नाही. पुन्हा अकरा.

अनवाणी बाहेर आलो. फाटकाशी सेलेस्ते. पाय घोट्यापर्यंत लाल, हातात काटकी. जिला आपल्या अंगणाबाहेरचं चर्चसुद्धा सोसत नाही, ती दोन मैल चालत आली होती. मी फाटक उघडलं. ती माझ्याकडे न बघता बाजूने आत गेली, ओसरीच्या पायऱ्या चढली, आणि खुंटीवरच्या तसराळ्याखाली जाऊन उभी राहिली.

रस्त्यापलीकडे, फुललेल्या लापाचोच्या झाडाखाली, मिर्ता उभी होती. हाताची घडी घातलेली. गुलाबी फुलं खांद्यावर पडत होती, ती झटकत नव्हती.

मी काही म्हणायच्या आत तिनेच तिथून सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने.

"ती आलीय. मी नाही आले."